प्रमिला मुकणेच्या गिरणीच्या तीन जागा

प्रमिला मुकणेचं कुणाशी पटत नाही, हे तिची सासू ठकूबाई येईल त्याला सांगायची. "सरळ बोललं तर वाकडं घेते, आणि वाकडं बोललं तर ध्यानात ठेवते." यात खोटं काही नव्हतं. कुणी चांगलं बोललं तर प्रमिला दोन दिवसांत विसरायची. पण वाईट बोललेलं, ते कुणी, कुठं उभं राहून, तोंड कसं करून बोललं, हे वर्षानुवर्षं तिच्याजवळ जसंच्या तसं राहायचं. सोनखांबच्या कातकरी वाडीत ती लग्न होऊन आली त्याला आता वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात तिनं साठवलेली हीच एक इस्टेट, असं तिचा नवरा नितीन चेष्टेनं म्हणायचा. ती चेष्टाही तिच्या ध्यानात होती.

सोनखांब हे शेणवा आणि किन्हवलीच्या मधलं गाव. एसटीचा रस्ता गावात जात नाही. फाट्यावर उतरायचं, ओढा ओलांडायचा, अर्धा तास चालायचं, तेव्हा गाव लागतं. फाट्याच्या दुसऱ्या अंगाला टेकाड, आणि टेकाडावर तीन वाड्या. त्यातली सगळ्यात वरची कातकऱ्यांची. या वाडीला स्वतःचं शेत नाही. दिवाळी झाली की माणसं बोचकी बांधून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

प्रमिलाही जायची, मुरबाडच्या अंगाला एका भट्टीवर. दुसऱ्या खेपेला ती पोटुशी होती, विटा वाहणं झेपेना, तेव्हा मालकानं तिला मजुरांसाठी ठेवलेल्या पिठाच्या गिरणीवर बसवलं. तिथं तिचे तीन हंगाम गेले. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत कसा करायचा, पट्टा कधी ढिला पडतो, पीठ करपायला लागलं की वास कसा बदलतो, नाचणीवर लगेच तांदूळ टाकला तर भाकरी लाल कशी होते, हे सगळं ती तिथं शिकली. चौथ्या हंगामाला तिनं सांगून टाकलं, "मी आता भट्टीवर येणार नाय. मी माझी गिरणी घालीन."

वाडी हसली. बातमी गावात गेली तेव्हा गाव जास्त हसलं.

गिरणी तिनं मुरबाडच्या एका म्हाताऱ्याकडून जुनी घेतली. त्याच्या गल्लीवरून जाणारी रहदारी नव्या रस्त्यानं पलीकडे वळवली होती. "मशिनला काय झालं नाय, बाई," तो म्हणाला. "रस्ता तिकडून गेला, गिऱ्हाईक त्याच्या मागून गेलं. मी इथंच बसून राहिलो." प्रमिलाला वाटलं, म्हातारा आळशी असणार. तिनं टेम्पोवाल्याला लवकर हात चालवायला सांगितलं.

गिरणी तिनं आपल्या झोपडीसमोर बसवली. वर पत्रा, खाली डिझेलचं इंजिन. जागा स्वतःची, इथून कुणी ऊठ म्हणणार नाही, एवढाच विचार तिनं केला होता. पावसाळा बरा गेला. गावातली एकही बाई टेकाड चढून आली नाही, पण तिन्ही वाड्यांचं दळण येत होतं. मग दिवाळी झाली आणि वाडी रिकामी झाली. चाळीस घरांत सहा म्हातारी माणसं उरली. खालच्या दोन वाड्यांच्या बायांना एवढ्यासाठी वर चढायचं जिवावर येऊ लागलं. प्रमिला सकाळी इंजिन पुसायची आणि उन्हं कलेपर्यंत पायवाटेकडे बघत बसायची. आठ महिन्यांत गिरणी बंद पडली.

"इकून टाक," नितीन म्हणाला. तिच्यासाठी तो त्या वर्षी भट्टीवर गेला नव्हता, आणि तो राग त्यानं सहा महिने गिळला होता. "सगळी वाडी कमावून येईल. आमी त्यांच्या तोंडाकडं बघत बसू."

"गिरणी वाईट नाय."

"मग काय वाईट हाय? तू?"

प्रमिलानं इंजिनावर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, लाकडाची एक मोळी बांधली आणि फाट्यावर जाऊन बसली. मोळी विकायची नव्हतीच. कुणी विचारलं तर ती असा काही भाव सांगायची की माणूस शिव्या देत पुढं जायचा. तिला फक्त बघायचं होतं. कोण येतं, कोण जातं, डोक्यावर काय घेऊन जातं. पंधरा दिवस ती अशी बसली. नितीननं तिला वेडी ठरवलं, ठकूबाईनं देवऋष्याचं नाव काढलं.

फाट्यावर अनिलचं रेशनचं दुकान होतं. महिन्याच्या ठरावीक दिवसांत तिथं गावातल्या आणि वाड्यांवरच्या सगळ्या बाया येत. तांदूळ-गहू घेऊन ओझं घरी नेत. मग दोन-चार दिवसांनी तेच धान्य निवडून, पुन्हा डोक्यावर घेऊन, दळायला गावात रविंद्रच्या गिरणीत जात. वाड्यांवरच्या बायांना टेकाड उतरून, ओढा ओलांडून, पार गावाच्या टोकाला. एका ओझ्याच्या तीन फेऱ्या. प्रमिलाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिनं मोळी तिथंच टाकली आणि उठली. गिरणी हवी होती ती रेशनच्या दुकानाला खेटून.

दुकानाशेजारी रस्त्याला लागून निवडुंगाच्या कुंपणातला एक पट्टा रिकामा पडला होता. तो धोंडीबाईचा. धोंडीबाई गावातली विधवा म्हातारी, आणि तिच्या तोंडी लागायला गाव घाबरायचं. प्रमिला तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"कोण गो तू?"

"वरच्या वाडीतली. प्रमिला."

"ती गिरणी बुडवलेली?"

"तीच."

"आणि आता माझ्या जागेत येऊन बुडवायची हाय?"

प्रमिलानं काय पाहिलं ते सांगितलं. म्हातारीनं अर्धं ऐकलं, अर्धं नाही. तिला एकाच गोष्टीत रस होता. "म्हणजे रव्याच्या गिरणीचं दळण तुटंल?"

"सगळं नाय. पण तुटंल."

रविंद्र हा गावातला एकमेव गिरणीवाला. गिरणी वडलांच्या वेळची, आणि पंचायतीत तो तीनदा निवडून आलेला. त्यानं धोंडीबाईच्या खाचराचा बांध दोन हात तिच्या शेतात सरकवला होता, आणि म्हातारी सात वर्षं त्याला रोज सकाळी शिव्या घालत होती.

"ऐक," धोंडीबाई म्हणाली. "तुझ्यावर माया आली म्हणून देत नाय. तो रोज फाट्यावर येतो. येता-जाता तुझी गिरणी बघून त्याचं पोट जळलं पाहिजे, म्हणून देते."

"चालंल," प्रमिला म्हणाली. भाड्याचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. कागद कुणी केला नाही.

रस्त्यानं थ्री फेजची लाइन होती, त्यामुळे डिझेल सुटलं, मोटार लागली. पत्रे ठोकायचं काम चालू असतानाच रविंद्रनं मोटारसायकल थांबवली. गाडीवरून उतरला नाही.

"प्रमिले, कुणाला विचारून?"

"जागावालीला."

"गावाला नाय विचारलंस."

"गाव ओढ्यापलीकडं हाय, शेठ. हा रस्ता हाय."

"वाडीतल्या बाईनं दळलेलं गाव खाईल असं वाटतं तुला?"

"वाडीतल्या बायांनी लावलेला भात गाव खातंच की."

रविंद्रनं गाडीला किक मारली. "बघू," एवढंच म्हणाला. नितीन पत्र्यावर हातोडा धरून बसला होता, त्यानं मान वर केली नव्हती. गाडी दूर गेल्यावर तो म्हणाला, "तोंड जरा बंद ठेवत जा." प्रमिला म्हणाली, "तू खिळा ठोक."

गावातली पहिली बाई आली ती रेशनचा गहू घेऊन. "कोंबड्यांना भरडायचाय," ती म्हणाली. आणि मोटार चालू झाल्यावर हळूच, "जरा बारीक दळ."

"कोंबड्यांना बारीक?"

बाईचा चेहरा उतरला. मग तिनं पवित्रा बदलला. "तू हात लावू नको. मी वतते." प्रमिला हात मागं बांधून बाजूला झाली. धान्य ओतायचा पत्र्याचा हौदा वर उंच होता. त्या बाईचा हात पोचेना. तिनं दगड लावला, त्यावर चढली, अर्धा शेर गहू जमिनीवर सांडला. प्रमिला शेवटपर्यंत बघत राहिली, मदत केली नाही, हसलीही नाही. पुढल्या महिन्यात तीच बाई आली आणि न बोलता डबा तिच्या हातात दिला. प्रमिलानंही न बोलता घेतला. तिसऱ्या महिन्यापासून रेशनच्या दिवसांत गिरणीसमोर रांग लागू लागली. एकाच खेपेला धान्य घ्यायचं, दळायचं आणि पीठ घेऊन घरी जायचं. याच्यापुढं बायांची शिवाशिव फार दिवस टिकली नाही.

दोन वर्षं असं चाललं. नितीन भट्टीचं नाव विसरला आणि दगडाला टाकी लावायला शिकला. रविंद्र रोज फाट्यावरून जायचा आणि गिरणीकडे न बघता थुंकायचा. धोंडीबाई खूश होती.

मग प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत विषय आला. रेशनचं दुकान फाट्यावर असल्यानं गावातल्या वृद्धांचे हाल होतात, तरी ते गावातल्या समाजमंदिरात आणावं. रविंद्रनं स्वतः काही मांडलं नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं, तो बाजूला मांडी घालून बसला होता.

प्रमिला उभी राहिली. "वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांचं काय? ती आधीच टेकाड उतरून येतात. आता अजून ओढा ओलांडायचा?"

"तुला म्हाताऱ्यांची काळजी नाय," मागून एक जण ओरडला. "तुझ्या गिरणीची हाय."

"हाय! नाय कशाला म्हणू? आणि ह्यांना म्हाताऱ्यांची हाय का? समाजमंदिराची भिंत कुणाच्या गिरणीला लागून हाय, ते सांगा की!"

काही जण हसले. रविंद्रनं मान वर करून शांतपणे म्हटलं, "हात वर करा. ज्यांना पाहिजे त्यांनी करा, ज्यांना नको त्यांनी करा. लोकशाही हाय." गावानं हात वर केले. प्रमिलानं वळून आपल्या बाजूला पाहिलं. जानेवारी महिना होता. वाडी भट्ट्यांवर गेली होती. तिच्या बाजूला नितीन, ठकूबाई आणि खालच्या वाड्यांवरची पाच-सहा माणसं. जी गोष्ट तिच्या पहिल्या गिरणीला नडली, तीच तिला आता या सभेत नडत होती.

ती शहापूरला तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली, नीट ऐकूनही घेतलं. पण सभेचा ठराव होता, सह्या होत्या, समाजमंदिर पक्कं होतं. फाट्यावरचं अनिलचं दुकान त्याच्या बापाच्या खोलीत होतं, गळकं. नियमानं चूक काढावी असं कुठंच काही नव्हतं. होळीनंतर दुकान हललं.

त्या महिन्यात गिरणीवर चार डबे आले. पावसाच्या तोंडावर वाडी भट्ट्यांवरून परतली, तेव्हा तिची स्वतःची जाऊ डोक्यावर पीठ घेऊन फाट्यावरून वर निघाली, गावातूनच दळून. प्रमिलानं तिला भर रस्त्यात अडवलं. "लाज नाय वाटली?"

"रेशन तिथं, गिरणी तिथंच शेजारी. तुझ्यासाठी दोनदा पाय मोडू?" जाऊ तिच्याहून मोठ्यानं ओरडली. "तुझ्याकडं यायचो तेव्हा काय तुझ्या प्रेमानं यायचो?"

प्रमिलानं तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. वर्षभर दोघींचं पाणी तुटलं. पण रिकाम्या गिरणीत बसून तिला कळत होतं की जाऊ खरं बोलली. लोक गिरणीवर येत नव्हते, रेशनवर येत होते. तिनं आपली गाय दुसऱ्याच्या खुंट्याला बांधली होती. खुंटा त्यानं उपटून नेला.

मग तिनं पुन्हा बघायला सुरुवात केली. या वेळी मोळी नव्हती, गिरणीच्या उंबऱ्यावरूनच. रेशन गेलं तरी फाटा रिकामा नव्हता, हे तिला आधी कधी जाणवलंच नव्हतं. सकाळी साडेसहाची शहापूर गाडी. तिला गावातल्या आणि वाड्यांवरच्या तीस-पस्तीस बाया-पोरी असायच्या, कुणी हायवेच्या गोदामात, कुणी हॉटेलात भांड्याला, कुणी कॉलेजात. मग किन्हवलीच्या बाजाराची माणसं. रविंद्रची गिरणी दहाला उघडायची आणि दुपारी बंद व्हायची. नोकरी करणाऱ्या बाईनं तिथं रांगेत उभं राहायचं कधी? तिन्ही वाड्यांच्या पायवाटा आणि गावाचा रस्ता इथं मिळत होते. बस थांबत होती ती इथंच. रेशनचं दुकान हलवता आलं. पण ओढा, टेकाड आणि एसटीचा रस्ता यातलं काही रविंद्रच्या सभेला हलवता येणार नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून ती साडेपाचला गिरणी उघडू लागली. बसची वाट बघणाऱ्या बायांना सांगू लागली, "जाताना डबा ठेवा. येताना पीठ न्या. उभं राहायचं काम नाय."

इथं नवीनच अडचण आली. समोर उभं राहून दळून घेणं वेगळं, आणि धान्य तिच्याजवळ सोडून जाणं वेगळं. "कातकरणीच्या हवाली डबा करून जायचं?" हे तिच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्यानंच बोललं गेलं. पीठ कमी भरतं, ती मूठ मूठ काढून घेते, असंही कुणीतरी उठवलं. कुणी, ते तिला विचारायची गरज नव्हती. तिनं शहापूरहून वजनकाटा आणला आणि दारातच ठेवला. डबा आला की बाईच्या डोळ्यांसमोर वजन, झाकणावर खडूनं आकडा, संध्याकाळी पुन्हा वजन. किलोमागं चिमूटभर उडतं, ते तिनं आधीच सांगून ठेवलं. हे करताना तिच्या तोंडावर गोडवा नसायचा. "बघा नीट," ती म्हणायची, "मागून माझ्या नावानं बोंबलू नका." चार महिन्यांत सकाळी तिच्या दाराशी वीस-बावीस डबे रांगेनं उभे राहू लागले.

तेव्हा धोंडीबाई काठी टेकत आली. गिरणीत पाय न टाकता बाहेरच उभी राहिली.

"प्रमिले, जागा सोड."

प्रमिलाला वाटलं, म्हातारी भाडं वाढवायला आली असेल. "किती पायजे ते बोला ना आजी."

"भाडं नको. रव्यानं बांध मागं घेतला. दोन हात होता, दोन हात घेतला. चार माणसांसमोर दगड रोवून दिला." म्हातारीचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, त्यात दिलगिरी नव्हती. "माझं काम झालं. आता तुझं इथं काय?"

"मी तुमच्या शब्दावर मोटार बसवली. पाया घातला."

"मी काय शब्द दिला होता? त्याचं पोट जळावं म्हणून देते, असं तुझ्या तोंडावर बोल्ले होते. जळलं. अमावस्येपर्यंत खाली कर."

प्रमिला तिला खूप बोलली. रस्त्यावर बसची वाट बघणारी माणसं ऐकत होती. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, एक शिवी परत दिली आणि काठी टेकत गेली. त्या क्षणी प्रमिलाला रविंद्रचा राग आला नाही. त्याच्याकडून हेच येणार होतं. स्वतःचाच राग आला. तिनं जागा बघितली होती, पण जागेचा मालक का देतोय ते ऐकूनसुद्धा ऐकलं नव्हतं.

नितीन आता मात्र चिडला नाही. तो म्हणाला, "अनिलची खोली रिकामी हाय."

अनिलची खोली म्हणजे रेशनच्या दुकानाचीच जुनी खोली, धोंडीबाईच्या पट्ट्याला लागून, थेट बसथांब्यासमोर. प्रमिलाच्या मनात ती आली नव्हती असं नाही, पण अनिल हा घाबरट माणूस. रविंद्रच्या ठरावाला त्यानं तोंड उघडलं नव्हतं. तरी ती गेली. या वेळी तिनं जागेबद्दल काही विचारण्याआधी एकच विचारलं, "अनिलभाऊ, समाजमंदिरात बरं चाललंय?"

अनिलनं आधी दाराकडं बघितलं. मग एकदम बोलत सुटला. फाट्यावर असताना रेशनबरोबर त्याचं मीठ, तेल, साबण, बिस्किटं खपायची, घर त्याच्यावर चालायचं. समाजमंदिरात खाजगी माल ठेवायला बंदी. वर रविंद्र दिवसातून दोनदा डोकावून जायचा, कोण आलं, कोण नाही ते बघायला. "माझ्या धंद्याचा त्यानं गळा घोटला," अनिल म्हणाला, "आणि मलाच आभार मानायला लावले."

"मग खोली द्या मला. अर्धी. उरलेल्या अर्ध्या भागात तुमचा माल ठेवा, तुमची बायको बसंल. डबा ठेवायला येणारी बाई साबण घेऊनच जाईल."

"तो मला सोडणार नाय."

"तो तुमाला आता तरी कुठं सोडतोय?"

अनिल पाणी प्यायला. मग म्हणाला, "कागद करायचा का?"

"करायचा," प्रमिला म्हणाली. "अकरा महिन्यांचा नाय. पाच वर्षांचा. रजिस्टर. आणि त्यात का देताय तेही लिहा."

"ते कशाला?"

"राहू दे. नुसता कागद करा."

अमावस्येच्या आत गिरणी अनिलच्या खोलीत गेली. कौलं बदलली, पाया पुन्हा घातला. सहा दिवस बंद राहिली, सातव्या दिवशी साडेपाचला दार उघडलं तर डबे घेऊन बाया उभ्या होत्या. धोंडीबाईचा पट्टा शेजारी रिकामा पडला होता. त्यात पुढं कुणी वडापावची गाडी लावली, ती एका पावसाळ्यात गेली. कुणी मोबाइलचं दुकान टाकलं, तेही गेलं. दोघांनीही दुकानाचं तोंड ओढ्याकडं केलं होतं, बसमधून उतरणाऱ्याला त्यांची नुसती पाठ दिसायची. प्रमिला हे बघत होती, कुणाला सांगायला गेली नाही.

रविंद्रची सून काजल शहापूरला एका दवाखान्यात कामाला जायची. तीही साडेसहाच्या बसला असायची. एक दिवस तिनं न बोलता रांगेत डबा ठेवला. प्रमिलानं वजन केलं, आकडा लिहिला. नाव विचारलं नाही, माहीत होतं. असे दोन महिने गेले. मग हे रविंद्रला कळलं.

तो संध्याकाळी आला, पाचच्या सुमाराला, थांब्यावर वीसेक माणसं असताना. काजलचा डबा त्यानं ओळखला, झाकण काढून हातात घेतलं आणि डबा काट्यावर ठेवला. "बघा सगळ्यांनी! पाच किलो आठशे भरलंय. झाकणावर काय लिहिलंय? सहा किलो! दोनशे ग्रॅम कुठं गेलं? बोल!"

"झाकण लावून वजन करा की, शेठ," प्रमिला म्हणाली. "सकाळी मी झाकणासकट सहा लिहिलं. झाकण तुमच्या हातात हाय."

रविंद्रनं झाकण लावलं नाही. माणसं जवळ सरकली. नितीननं पुढं होऊन ते त्याच्या हातातून घेतलं, डब्यावर ठेवलं आणि काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. सहा किलोला चिमूट-दोन चिमूट कमी. मोटारीजवळच्या पत्र्यावरचं उडालेलं पीठ त्यानं बोटानं दाखवलं. एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "अरे, दोनशे ग्रॅम शेठच्याच हातात होतं की! आमी इकडं शोधत होतो." सगळे हसले.

रविंद्रनं काट्यावरून डबा हिसकावला आणि पीठ रस्त्यावर ओतलं. पांढरा ढीग डांबरावर पडला, वाऱ्यानं अर्धा उडाला. तेवढ्यात शहापूरची बस आली आणि ड्रायव्हरनं ढिगाअलीकडेच ब्रेक दाबला. काजल बसमधून उतरली तेव्हा सासरा रिकामा डबा घेऊन उभा होता.

प्रमिलाला वाटलं, पोरगी रडेल किंवा सासऱ्याच्या मागोमाग जाईल. काजल दोघांवर सारखीच भडकली. "तुमच्या भांडणात माझं दळण कशाला? घरी जाऊन मी आता भाकरी कशाच्या थापू?" सासऱ्याच्या हातातून डबा घेतला आणि प्रमिलाकडं वळली. "आणि तुमी पण गालात हसू नका. मी तुमच्यासाठी नाय येत. बस इथं थांबते म्हणून येते."

प्रमिला म्हणाली, "सकाळी डबा घेऊन ये."

त्या वाक्यानं तिला जे समाधान मिळालं ते आजवर कुणाच्या गोड बोलण्यानं मिळालं नव्हतं. माया आज आहे, उद्या नाही, हे तिला धोंडीबाईनं शिकवलं होतं. वैराचंही तसंच. पण बस इथं थांबते, हे काही कुणाच्या मनावर नव्हतं.

रविंद्रची गिरणी आणखी दीड वर्ष चालली. रेशनच्या पाच-सहा दिवसांत तिच्यासमोर गर्दी व्हायची, उरलेला महिना मोटारीचा पट्टा लोंबत पडलेला असायचा. एका पावसाळ्यात मोटार जळली. दोन्ही मुलं मुरबाडच्या कारखान्यांत कामाला लागली होती, त्यांनी ती दुरुस्त करून घेतली नाही. त्या बाईनं माझ्या बापाची गिरणी खाल्ली, असं रविंद्र आजही चारचौघांत सांगतो. प्रमिलानं ते ऐकलं आहे, आणि ते तिच्याजवळ आहे.

आता अनिलच्या खोलीत गिरणीला पाचवं वर्ष चालू आहे. तिच्याशेजारी मिरची-हळद कुटायचं छोटं मशिन आलं आहे, ते नितीन बघतो. दिवाळीनंतर वाडी अजूनही भट्ट्यांवर जाते, त्या महिन्यांत डबे थोडे कमी होतात, पण थांबत नाहीत. जावेशी बोलणं सुरू झालं आहे, तेही कामापुरतं. धोंडीबाई मध्ये आजारी होती तेव्हा प्रमिला तिला बघायला गेली नाही, आणि लोकांनी तिला नावं ठेवली तरी गेली नाही.

रविंद्रला तालुक्याला जायचं असलं की त्यालाही फाट्यावरच यावं लागतं. मोटारसायकल आता मुलगा नेतो. रविंद्र चालत थांब्यावर येतो आणि गिरणीकडं पाठ करून उभा राहतो. कधी बस उशिरा येते, मग अर्धा-पाऊण तास तसाच उभा असतो. मागं मोटार चालू असते, बोललेलं ऐकू येत नाही एवढा तिचा आवाज. एकदा अनिलच्या बायकोनं म्हटलं, म्हातारा माणूस आहे, उन्हात उभा आहे, आत बाकावर बसायला सांगू का. प्रमिला हौद्यात तांदूळ ओतत होती.

"त्याचा तो उभा राहील," ती म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.